गोदूताईंचे पुस्तक आणि जंगलाचा कागद

गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक मी प्रथम वाचले ते महाविद्यालयीन वयात, धर्मग्रामाच्या वाचनालयातून आणून. त्या वयात जे लक्षात राहायचे तेच राहिले : सावकाराचा वाडा, लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी जन्मभर राबणारे लग्नगडी, वेठीचा बडगा, आणि एका सुशिक्षित शहरी बाईने रानात काढलेले दिवस. पुस्तक परत केले, आणि ‘अन्याय फार होता, आता तो गेला’ अशा समाधानात बरीच वर्षे गेली. वसईतल्या आपल्यासारख्या कुटुंबांना हे समाधान परवडते. कारण पुस्तकातला वारली आपल्याला पानापानांवर भेटतो, आणि जिवंत वारली भेटतो तो विहिरीचा गाळ काढायला, भात झोडायला किंवा वीटभट्टीवर. त्या दोघांची गाठ आपण सहसा घालून देत नाही.

ती गाठ अलीकडे मोखाडा तालुक्यातल्या एका पाड्यावर अवचित पडली. ज्या घरात आम्ही पाणी प्यायला थांबलो होतो तिथल्या वृद्ध गृहस्थांनी कणगीमागून प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला एक कागद काढून दाखवला. वनहक्काचे ते अधिकारपत्र होते. त्यावर त्यांचे आणि त्यांच्या पत्नीचे, दोघांचे नाव होते. तसे ते असावे असे कायदाच सांगतो. खाली क्षेत्र लिहिले होते : शून्य हेक्टर आणि पुढे थोडेसे आर. गृहस्थांनी दारातून हात करून एक उतरण दाखवली, मग तिच्या पलीकडची दुसरी दाखवली. दोन्ही उतरणींवर नागली त्यांच्या बापाच्या वेळेपासून होते. कागदात एकच आली होती, आणि तीही अर्धीमुर्धी. तक्रारीचा सूर त्यांच्या बोलण्यात नव्हता. कागद वाचून दाखवा, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

घरी आल्यावर मी परुळेकरांचे पुस्तक पुन्हा काढले. ह्या खेपेला ते अन्यायाची कहाणी म्हणून वाचवेना. जमीन आणि कायदा ह्यांविषयीचे एक लेखन म्हणून वाचले. तसे वाचल्यावर त्या पुस्तकाची थोरवी अधिक कळली, आणि त्यातली एक मोठी रिकामी जागाही दिसली. प्रस्तुत लेख त्या जागेविषयी आहे.

प्रथम थोरवी. हे पुस्तक १९७० साली प्रसिद्ध झाले आणि १९७२ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यात सांगितलेली हकिकत मात्र त्याआधीच्या पाव शतकाची आहे. जानेवारी १९४५ मध्ये टिटवाळ्याला किसान सभेचे अधिवेशन भरले. त्याच वर्षी २३ मे रोजी झरी येथे हजारो वारली जमले आणि वेठ व लग्नगडीपद ह्यापुढे नाही असे त्यांनी ठरवले. पुढे पाचशे पौंड गवत कापण्यास अडीच रुपये मजुरी मागणारा संप झाला. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या जमावावर गोळीबार झाला आणि त्यात जेठ्या गांगड व त्याचे सोबती मारले गेले. हे सर्व परुळेकर सांगतात ते भावनेला आवाहन करून नव्हे. महाराष्ट्रात कायद्याची पदवी घेणाऱ्या पहिल्या स्त्रियांपैकी त्या एक होत्या, आणि त्यांच्या गद्यावर त्या शिक्षणाचा ठसा आहे. त्या साक्षी गोळा करतात. एकाची हकिकत सांगून थांबत नाहीत. दुसऱ्याची, तिसऱ्याची लावतात. अत्याचाराचे वर्णन करताना विशेषणांची उधळण नाही. वाचक हळहळावा ह्यापेक्षा त्याने निकाल द्यावा अशी जणू त्यांची अपेक्षा आहे. मराठीत आदिवासींवर सहानुभूतीने लिहिणारे पुष्कळ झाले. अशी कैफियत मांडणारे फार थोडे.

परंतु प्रत्येक कैफियतीला एक प्रतिवादी लागतो, आणि ह्या पुस्तकाचा प्रतिवादी आहे जमीनदार. त्याला चेहरा आहे, वाडा आहे, हातात चाबूक आहे. त्याच्या जोडीला जंगलचा ठेकेदार आहे, कोंबडी मागणारा गार्ड आहे. ह्या माणसांना हटवले, मजुरी वाढली, वेठ गेली, की वारली माणूस म्हणून उभा राहील अशी पुस्तकाची श्रद्धा आहे. आणि तेवढ्यापुरती ती खरीही ठरली. जंगल ह्या पुस्तकात येते ते मुख्यतः कामाची जागा म्हणून. तिथे गवत कापतात, झाडे तोडतात, मजुरीवरून भांडतात. जंगल कोणाचे, हा प्रश्न माझ्या वाचनात तरी पुस्तकाच्या कडेला राहतो. आणि मोखाड्याच्या त्या पाड्यावर मी पाहिलेल्या कागदात जमीनदार कुठेच नव्हता. प्रतिवादी असलाच तर तो कायदाच होता, आणि कायद्याला चेहरा नसतो.

ह्याचे एक कारण भूगोलात आहे. पुस्तकातले रणक्षेत्र मुख्यतः डहाणू, तलासरी, उंबरगावचे. भातखाचरांचे आणि जमीनदारांचे. बंड पुढे पूर्वेकडच्या डोंगरातही पोहोचले, पण जव्हार-मोखाड्याची घडण निराळी आहे. आज हे दोन तालुके एका दमात उच्चारले जातात. दोन्ही पालघर जिल्ह्यात (जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ रोजी), दोन्हींत नव्वद टक्क्यांहून अधिक वस्ती वारली, कोकणा, ठाकूर, महादेव कोळी, कातकरी अशा जमातींची. पण १९४८ पर्यंत हे दोन निराळे मुलूख होते. जव्हार हे मुकणे घराण्याचे संस्थान. महादेव कोळ्यांचे हे राजघराणे चौदाव्या शतकापासून तिथे होते. मोखाडा हा ब्रिटिश ठाणे जिल्ह्याचा एक पेटा. १९३५ च्या कायद्याखाली जे ‘अंशतः वगळलेले प्रदेश’ ठरले त्यांत डहाणू, शहापूर, उंबरगाव ह्यांच्याबरोबर मोखाडाही होता. म्हणजे एका डोंगराच्या ह्या अंगाला राजाचा शब्द चाले आणि त्या अंगाला मुंबई सरकारचे राजपत्र. ‘वगळलेले’ हा शब्द मात्र मोठा लबाड. सर्वसाधारण कायदे परस्पर लागू होऊ नयेत म्हणून हा प्रदेश वगळला असे म्हणायचे, आणि जंगलचा कायदा तर त्याच्या कितीतरी आधीपासून तिथे पूर्ण लागू! विलीनीकरणानंतर संविधानाच्या पाचव्या अनुसूचीने ‘वगळलेले’ जाऊन ‘अनुसूचित’ आले. सध्याचा आदेश १९८५ चा आहे. त्यात जव्हार व मोखाडा हे तालुके आहेत, आणि आपल्या वसई तालुक्यातली काही गावेही आहेत, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे कोण जाणे.

आता त्या जंगलाच्या कायद्याकडे येतो, आणि साहित्याच्या वाचकाला सोयीचे म्हणून त्याच्या शब्दांतून येतो.

आपल्या आजोबांच्या तोंडी ‘राब’ हा शब्द होता. भाताचे रोप टाकण्यापूर्वी वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, शेण पसरून भाजायचे. त्या राखेत रोप जोमाने येते. त्यासाठी भातशेतीला लागून माळरान लागते, त्याला ‘वरकस’ म्हणत. वसईच्या भातकऱ्यालाही हे नवे नाही. जव्हारच्या डोंगरात नागली आणि वरई ह्यांचे पीक ह्या राबावरच उभे. १८७८ च्या जंगल कायद्यानंतर राबासाठी फांद्या तोडणे हा ठाणे जिल्ह्यातला सर्वांत मोठा तंटा झाला. अर्ज गेले, ठाण्यात त्यासाठी संस्था निघाली, आणि १८८५ साली मुंबई सरकारला जंगल-चौकशीसाठी आयोग नेमावा लागला. गंमत अशी की १८७८ हेच वर्ष मुंबईच्या अबकारी कायद्याचेही आहे. ताडाच्या झाडावर कर बसला आणि दारू गाळणे सरकारी भट्टीकडे गेले, त्याचा चटका आपल्या किनाऱ्याला बसला. डोंगरातल्या माणसाची फांदी आणि किनाऱ्यावरच्या माणसाची ताडी एकाच वर्षी सरकारजमा झाली. पुढे १८९२ साली तर ठाणे आणि कुलाबा ह्या जिल्ह्यांसाठी मोहाच्या फुलांविषयी एक स्वतंत्र कायदा आला. झाडावरून आपणहून गळून पडणारे फूल वेचून घरात साठवण्यावर निर्बंध! चैत्रातल्या रिकाम्या पोटाला आधार देणारे हे फूल कायद्याच्या दृष्टीने केवळ दारूचा कच्चा माल होते. एका वस्तूची दोन नावे असणे ही भाषेची श्रीमंती असते. एका वस्तूचे दोन अर्थ असणे आणि त्यांतला एकच अर्थ कागदावर टिकणे, ही निराळी गोष्ट आहे.

दुसरा शब्द ‘एकसाली’. जंगलातली काही जमीन वर्षाच्या बोलीने कसायला देण्याची पद्धत ठाणे जिल्ह्यात होती. त्या तुकड्यांना लोक आजही ‘एकसाली प्लॉट’ म्हणतात. साल संपले की बोली संपली, पण माणूस, बैल, बांध आणि आंब्याचे झाड तिथेच. बोलीचे नूतनीकरण झाले तर तो ‘पट्टेदार’, न झाले तर ‘अतिक्रमक’. जमीन तीच, नांगर तोच, विशेषण तेवढे बदललेले. आपल्या व्याकरणाच्या पुस्तकात विशेषण नामाला जोडून येते. कारकुनाच्या व्याकरणात विशेषण नामाला हुसकावून लावते. १९७८ साली महाराष्ट्र शासनाने जुनी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय घेतला. त्याची अंमलबजावणी होते न होते तोच २५ ऑक्टोबर १९८० रोजी केंद्राचा वनसंवर्धन कायदा आला आणि जंगलजमिनीचा कोणताही तुकडा केंद्राच्या मान्यतेवाचून दुसऱ्या कामी देता येईनासा झाला. धरणे, खाणी आणि कारखाने ह्यांना आळा बसावा म्हणून केलेल्या ह्या कायद्याच्या जाळ्यात मोठा मासा परवानगी काढून सुटत राहिला. नागलीची उतरण अडकली.

ह्या दोहोंच्या आधी १९७५ चा महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम आहे. ३० ऑगस्ट १९७५ ह्या दिवशी ‘खासगी वने’ एकाच घावात शासनाची झाली. खासगी वन म्हणजे काय, हे ठरवताना काही वेळा वीस-वीस वर्षांपूर्वी काढलेल्या नोटिशींचा आधार घेतला गेला. पुढे मुंबई-ठाण्यातल्या मोठ्या जमीनमालकांनी दाद मागितली, आणि ३० जानेवारी २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की नुसती नोटीस काढली एवढ्याने जमीन वन होत नाही. ती बजावली पाहिजे, पुढची कार्यवाही झाली पाहिजे. निकाल न्याय्यच आहे. पण नोटीस आली की नाही हे पाहायला ज्याच्याकडे वकील आहे त्यालाच त्याचा उपयोग. सातबाऱ्यावर नाव कधी बदलले हे पाड्यावर कळते ते बहुधा गार्ड कुंपणाचे खांब रोवायला आल्यावर.

अशा पार्श्वभूमीवर २००६ चा कायदा वाचावा लागतो. ‘अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी (वनहक्कांची मान्यता) अधिनियम’ हे त्याचे नाव उच्चारता उच्चारता दम लागतो, पण एक वाङ्मयप्रकार म्हणून तो असाधारण आहे. कायदे सहसा स्वतःची बाजू मांडतात. ह्या कायद्याच्या प्रस्तावनेत मात्र राज्यसंस्था कबूल करते की वसाहतकाळात आणि स्वातंत्र्यानंतरही वनक्षेत्रे पक्की करताना तिथल्या माणसांवर ऐतिहासिक अन्याय झाला. ज्यांना कन्फेशनच्या खिडकीशी गुडघे टेकण्याची सवय आहे त्या आपल्या वाचकांना ह्या वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको. कायद्याच्या नावातला ‘मान्यता’ हा शब्दही बारकाईने पाहण्यासारखा. हक्क नव्याने देत नाही, होताच तो मान्य करतो आहोत, असा त्याचा आशय. ह्या कायद्यासाठी जी चळवळ देशभर झाली तिच्यात आपल्या डोंगरातल्या ‘कष्टकरी संघटने’चा मोठा वाटा होता. संघटनेचे प्रदीप प्रभू हे एके काळी येशूसंघीय होते. मे २००२ मध्ये केंद्राने जंगलातली अतिक्रमणे हटवण्याचा फतवा काढला, तेव्हापासूनची ही धग. कायद्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली २९ डिसेंबर २००६ रोजी आणि नियम झाले जानेवारी २००८ मध्ये.

पण प्रस्तावना ओलांडून कलमांत शिरलो की भाषा पुन्हा मूळ पदावर येते. ज्याचा हक्क मान्यच आहे त्याने ‘दावा’ करायचा. दाव्याला ‘पुरावा’ जोडायचा. १३ डिसेंबर २००५ पूर्वी ताबा होता हे दाखवायचे. ग्रामसभा, वनहक्क समिती, मग उपविभागीय समिती, मग जिल्हास्तरीय समिती. वर चार हेक्टरची मर्यादा. मान्यता म्हणायची आणि परीक्षा घ्यायची, असा हा प्रकार. माझ्या मते कायद्याचे हे दोन सूर कधीच जुळले नाहीत. पाड्यावरच्या त्या गृहस्थांची दुसरी उतरण ह्या दोन सुरांच्या फटीत पडली. मोजणीच्या दिवशी तिथे नागली नव्हती. का नव्हती? कारण डोंगरउतारावरची जमीन दोन-तीन वर्षे पिकवून विसाव्याला टाकतात. विसावा हा शेतीचा भाग आहे हे शेतकऱ्याला कळते. यंत्राच्या दृष्टीने तिथे गवत होते, आणि गवत म्हणजे ताबा नाही.

तरीही ह्या कायद्याच्या नियमांत एक जागा अशी आहे की जिथे साहित्याच्या माणसाने थांबावे. पुराव्यांच्या यादीत सरकारी दस्तऐवजांबरोबर विहिरी, दफनभूमी, देवस्थाने आहेत, बांधबंदिस्ती आहे, आणि दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्या माणसांचे कथन आहे, लिहून घेतलेले. गावातल्या म्हाताऱ्याने सांगावे की ह्याच्या आज्याने हा माळ फोडला, त्या साली असा दुष्काळ होता, ते मोहाचे झाड तेव्हा एवढे होते. आणि ते कथन पुरावा व्हावे. कागदाचा मुलूख आणि तोंडी परंपरेचा मुलूख ह्यांच्यात दीडशे वर्षांत प्रथमच असा साकव पडला. नियम असेही सांगतो की एकाहून अधिक पुरावे पाहावेत. म्हणजे नुसता शब्द पुरत नाही. पण शब्दाला बसायला पाट तरी मिळाला. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्या शब्दावर विश्वास ठेवला गेला नाही, आणि उपग्रहाच्या चित्रात जे दिसते तेच खरे मानले गेले. १३ फेब्रुवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना हटवण्याचा आदेश दिला, आणि पंधरा दिवसांत, २८ फेब्रुवारीला, तो स्थगित केला. दावे नेमके कोणत्या रीतीने फेटाळले, हे राज्यांनी सांगावे असे न्यायालयाने म्हटले. आदल्या वर्षी, मार्च २०१८ मध्ये, नाशिकहून मुंबईपर्यंत अनवाणी पायांनी आलेल्या मोर्चात ह्याच दाव्यांचा प्रश्न अग्रभागी होता. रक्ताळलेल्या तळव्यांची छायाचित्रे तेव्हा आपण सर्वांनी पाहिली. मे २०२० मध्ये राज्यपालांनी पाचव्या अनुसूचीतले आपले अधिकार वापरून जिल्हा समितीच्या निर्णयावर विभागीय पातळीवर अपिलाची सोय केली. हे त्या मानाने कोणी पाहिले नाही.

आता पुन्हा गोदूताईंच्या पुस्तकाकडे. त्याच्या शीर्षकाविषयी माझ्या मनात एक खटका आहे. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ म्हणजे तो आधी झोपलेला होता. तो खरोखर झोपला होता काय? ज्याने कोणत्या उतरणीला किती वर्षे विसावा द्यायचा हे ठरवले, ज्याच्या लग्नात धवलेरी गाऊन देवतांना बोलावते आणि भिंतीवर पालघटीचा चौक लिहिल्यावाचून लग्न लागत नाही, जो धान्यात कणसरी पाहतो आणि वेशीवर वाघदेव मांडतो, त्याचे स्वतःचे एक विधिशास्त्र होते. जमीन कोणाची ह्या प्रश्नाला त्यात उत्तर होते, ते सातबाऱ्यात मावणारे नव्हते इतकेच. परुळेकरांच्या पुस्तकात ह्या जगाकडे पाहण्याची दृष्टी पुष्कळदा सुधारकाची आहे. रूढींच्या पलीकडे ह्या माणसांना नेले पाहिजे ह्याची तिला घाई आहे. त्याच डोंगराच्या पायथ्याशी, आळोंडे गावाच्या परिसरात, मुंबईच्या विनिन परेरांनी वारल्यांचे झाडपाल्याचे ज्ञान शिष्याच्या नम्रतेने टिपले आणि १९९० साली जेरेमी सीब्रुक ह्यांच्यासह त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवून वाचावीत. परेरांच्या वारल्याला सारे ठाऊक आहे आणि त्याला सावकार फारसा भेटत नाही. परुळेकरांच्या वारल्याला सावकारच सावकार भेटतो आणि त्याला काय ठाऊक आहे हे विचारायला सवड नाही. खरा वारली दोन्हीकडे अर्धा अर्धा सापडतो.

इथे परुळेकरांवर अन्याय होऊ नये म्हणून एक गोष्ट नोंदवली पाहिजे. शीर्षकातला शब्द ‘आदिवासी’ नाही, ‘माणूस’ आहे. सावकाराच्या ओसरीवरून चाललेले सारे पाहून जी शहरी बाई अस्वस्थ होते, तीही त्या शब्दात येते, आणि वाचकही. असा अर्थ घेतला तर माझा खटका उरत नाही. पण पुस्तक तसा अर्थ घेऊ देते की आपणच तो भरतो, ह्याबद्दल मी अजून साशंक आहे. वाहरू सोनवणे ह्यांनी ‘गोधड’मधल्या कवितांतून आणि पालघरला झालेल्या आदिवासी साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून जो प्रश्न उभा केला, आमच्याविषयी कोण बोलतो आणि आम्ही कधी बोलणार, तो ह्या पुस्तकालाही लागू आहे आणि अर्थातच ह्या लेखालाही.

दूर कुठेतरी लिहिलेल्या कागदाने जमिनीचा मालक बदलतो, हे वसईकराला परके नाही. १५३४ साली गुजरातच्या सुलतानाने एका तहाने वसई पोर्तुगिजांना दिली. इथल्या कुळांना कोणी विचारले नव्हते. नव्या भूमीवर ताबा सांगणारा जो ‘शोधाचा सिद्धांत’ पंधराव्या शतकातल्या पोपच्या आज्ञापत्रांच्या आधाराने युरोपीय सत्तांनी वापरला, तो व्हॅटिकनने ३० मार्च २०२३ रोजी जाहीरपणे नाकारला. पाचशे वर्षांनी का होईना, कागदाने कागदाचे खंडन केले. आणि आपल्याच आठवणीतली गोष्ट म्हणजे १९९० च्या सुमाराची : वसईचा विकास आराखडा आला, हिरव्या पट्ट्यावर रंग फिरवले गेले, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘हरित वसई’ची हाक दिली. नकाशावरचा रंग बदलला की वाडीचे काय होते हे आपल्याला त्या वेळी कुणी समजावून सांगावे लागले नाही. आपल्या वाड्या काही प्रमाणात वाचल्या, कारण आपल्याकडे शाळा होत्या, वकील होते, चर्चचा घंटानाद होता, मोर्चाला माणसे होती. मोखाड्याकडे ह्यांतले काय होते?

आणि आता एक अप्रिय गोष्ट. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण २०१२ साली पुरे झाले. ते मोखाडा तालुक्यात कोचाळे येथे आहे. त्याच तालुक्यात उन्हाळ्यात बायका हंडा घेऊन टँकरची वाट पाहतात. हे वाक्य वृत्तपत्रांत इतक्या वेळा आले आहे की ते गुळगुळीत झाले. म्हणून पुढचे वाक्य सांगतो. वसई-विरारच्या नळाला येणारे पाणी मोठ्या प्रमाणात सूर्या प्रकल्पाचे आहे, आणि तो प्रकल्प मुळात डहाणू-पालघरच्या आदिवासी शेतीच्या सिंचनासाठी आखला होता. दमणगंगा-पिंजाळ जोडप्रकल्पाच्या आराखड्यात ह्या डोंगरात आणखी धरणे आहेत. धरण बुडवते त्या जमिनीची भरपाई कागद पाहून मिळते. दुसऱ्या उतरणीचा कागद नाही. वनहक्क कायदा, ग्रामसभेला अधिकार देणारा १९९६ चा ‘पेसा’, त्याचे महाराष्ट्राने २०१४ साली केलेले नियम, हे सारे त्या उतरणीच्या बाजूने आहे असे म्हणता येते. पण २०२३ च्या दुरुस्तीने १९८० चा वनकायदा काही कामांना सैल झाला, आणि त्याबरोबर त्याचे नावही ‘वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम’ असे बदलले. ते हिंदी नाव इंग्रजी मजकुराच्या माथ्यावरही तसेच छापले जाते. मोखाड्यात ते तोंडपाठ होणार नाही, आणि चर्चगेटलाही होणार नाही.

समीक्षकाने पुस्तकाची शिफारस करावी अशी वाचकांची रास्त अपेक्षा असते. ‘जेव्हा माणूस जागा होतो’ जरूर वाचावे. घरातल्या मुलांच्या हाती द्यावे. पण त्याच्या शेजारी ठेवावे असे दुसरे पुस्तक, ज्यात जंगल कामाची जागा म्हणून न येता घर म्हणून येते आणि जे त्या घरातल्याच माणसाने सांगितले आहे, ते मला वाचनालयाच्या कपाटात सापडले नाही. ते लिहिले गेलेलेच नाही असे मात्र नव्हे. २००८ पासून जव्हार उपविभागातल्या पाड्यापाड्यांवर वनहक्क समित्यांसमोर म्हाताऱ्या माणसांनी आपली कथने सांगितली आहेत. कोणी शिक्षकाने, कोणी ग्रामसेवकाने, कोणी दहावी झालेल्या नातवाने ती लिहून घेतली. भाषा कारकुनी असेल, अर्धी वाक्ये ठरीव नमुन्यातली असतील. तरी मध्येच कुठेतरी दुष्काळाचे साल येत असेल, फुटलेल्या बांधाची, मेलेल्या बैलाची, मोहाच्या झाडाची हकिकत येत असेल. पाड्यावरच्या त्या गृहस्थांनीही शेजाऱ्याच्या दाव्यासाठी असे कथन दिले होते. काय सांगितले, असे मी विचारले. सकाळपासून दुपारपर्यंत सांगितले, म्हणाले. लिहिणाऱ्या पोराने अर्ध्या पानात बसवले, आणि खाली अंगठा घेतला.